कामाला जोडलेले दिवस

ड्युरियन आले. कुणी सांगायला लागत नाही. सकाळी पाव आणायला खाली उतरले तर लिफ्टमध्येच वास भरलेला होता. शेजारच्या ब्लॉकखाली दुकानवाल्याने ताडपत्री बांधली आहे, प्लॅस्टिकची टेबलं मांडली आहेत आणि काटेरी फळांचा ढीग लावला आहे. हे फळ घेऊन एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढायचं नाही अशी चित्रासकट पाटी बिशान स्टेशनवर आहे. फणसाच्या गावातून आलेली मी, तरी पहिली दोन वर्षं त्या टेबलांवरून जाताना नाकाला पदर लावत होते.

आता लावत नाही. आता त्या वासाने मला भूक लागते आणि राग येतो, दोन्ही एकदम. चार वर्षं झाली, पण जूनमध्ये ताडपत्री बांधली की दोन्ही परत येतात.

आज माझ्या मुलाची, श्रीकांतची, बॅग पुन्हा पलंगावर उघडी पडली आहे. पुन्हा इटली, पुन्हा जिनोवा. मुक्ताला शाळेची सुट्टी आहे. तिच्या गेल्या वर्षीच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती मी मागून घेतली. "आजी, व्हॉट यू रायटिंग?" तिने विचारलं. मी म्हटलं, सामानाची यादी.

चार वर्षांपूर्वी घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. श्रीकांतची कंपनी जहाजांची, हार्बरफ्रंटला ऑफिस. ती कंपनी जिनोवाच्या लोकांनी विकत घेतली आणि दर महिन्याला दोनचार माणसं घरी बसवायला लागले. इथे नोकरी गेली की राहायचा पास जातो, आणि पास गेला की महिनाभरात गाशा गुंडाळायचा. समोरच्या ब्लॉकमध्ये पुण्याचं एक कुटुंब होतं. नवऱ्याला शुक्रवारी सांगितलं आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या खिडकीला दुसऱ्यांचे पडदे लागले. जाताना बाईंनी तुळशीची कुंडी माझ्या हातात दिली. त्या रडल्या नाहीत, मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. कुंडी घेऊन मी लिफ्टशी उभी राहिले आणि बटण दाबायचं विसरले.

श्रीकांत घरी येऊन जेवायचा, पण काय जेवला ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वर्षभर मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. एक दिवस मी आमटी वाढताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "जिनोवाला बोलावलंय, आई. तिथे ठरेल."

"काय ठरेल?"

"आपण इथे राहायचं की नाही."

रविवारी तो निघाला. आमच्याकडे कामाला जाणाऱ्याच्या हातावर दही घालतात. परीक्षेला निघालेल्याच्या, कोर्टात तारखेला निघालेल्याच्याही घालतात. त्याने हात पुढे केला, मी चमचाभर दही आणि वर साखर घातली. "कधी येशील?" मी विचारलं.

"काम संपलं की. पुढच्या मंगळवारपर्यंत धर."

तो लिफ्टमध्ये शिरला आणि मी देवापुढे जाऊन बसले. आमच्या गावच्या देवीला सांगितलं, श्रीकांतचं काम झाल्याचं माझ्या कानावर येईपर्यंत मी एकवेळ जेवीन. दुपारी एकदा, मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही नाही. अनघाला, माझ्या सुनेला, काही बोलले नाही. नेम बोलून दाखवायचे नसतात असं मी आईकडे पाहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर बोलायची वेळ आली की माझं तोंड उघडत नाही. चौथीनंतर शाळा खाडीपलीकडे होती, म्हणून मी घरी राहिले. घरी राहिलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही. मग न विचारण्याची त्यांना सवय होते आणि न सांगण्याची मला.

सोमवार, मंगळवार बरे गेले. बुधवारी डोकं जड झालं. अनघा ऑफिसातून सातला यायची. तिच्यासाठी आणि मुक्तासाठी पोळ्या करून ठेवायच्या आणि ती आली की म्हणायचं, मी मघाशीच खाल्लं. ती म्हणायची, "इतक्या लवकर कशाला जेवता, आई? थांबत जा." आणि मान खाली घालून जेवायची. तिचाही जीव टांगणीला होता. मला ते दिसत होतं, म्हणून मी तिच्यावर तेव्हा रागावलेही नाही.

पोळीचा वास एक वेळ सहन होतो. पाचच्या सुमाराला खालून ड्युरियनचा वास यायचा तो मात्र सोडायचा नाही. स्वयंपाकघराची खिडकी लावली तरी कपडे वाळत घालायच्या बांबूंशी तो येऊन थांबलेला असायचा. आमच्याकडे कापा फणस फोडला की आजूबाजूची पोरं न बोलावता जमायची, तसा तो वास मला बोलवायचा. नाकाला पदर लावणारी मी खिडकीशी उभी राहून ओढून ओढून श्वास घ्यायचे. माझी मलाच लाज वाटत होती.

बुधवारी संध्याकाळी फोन वाजला. फोन मी उचलत नाही, इंग्रजी कुणी बोललं तर काय करू. अनघाने उचलला आणि आतल्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. तिचे डोळे ओले होते.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"चाललंय काम, आई. ठीक आहे तो."

चाललंय. हा शब्द मी चार वर्षं तोंडात घोळवते आहे. डोळे ओले आणि काम चाललंय, म्हणजे काही खरं नाही, असंच मी धरलं. रात्रभर तुळशीच्या कुंडीचं काय करायचं याचा विचार करत राहिले. कुणाला द्यावी. घ्यायला कोण आहे. दुसऱ्या दिवशी मी दुपारच्या जेवणातला भातही सोडला. देवीला वाटलं असेल मी मनापासून धरलं नाही म्हणून काम अडलंय.

गुरुवार गेला. शुक्रवार, शनिवार, रविवार गेला. रविवारी अनघाने सांबार केलं आणि गुणगुणली. मला वाटलं, बिचारी मुलीसाठी अवसान आणतेय.

सोमवारी दुपारी अनघा ऑफिसात होती. मुक्ता कॉम्प्युटरपुढे बसली होती. तेव्हा ती नऊ वर्षांची.

"आजी, कम. पप्पाचे फोटो."

मी चष्मा घेऊन गेले. निळं पाणी, मागे डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी पिवळी, गुलाबी घरं. पाण्यात बोट. बोटीच्या कठड्याला टेकून श्रीकांत. डोळ्याला काळा चष्मा, बाह्या वर केलेल्या, आणि हसत होता. दात दिसतील इतका. दुसऱ्या फोटोत टेबलावर कापलेलं लिंबू, नारळाएवढं, आणि त्याचा हात. तिसऱ्यात नुसता बाक आणि पाणी.

"हे ऑफिस आहे का?" मी विचारलं.

"नो लाह, आजी. लेक, तलाव. ऑफिस वेन्सडेला संपलं. पप्पाचा जॉब सेफ आहे. मम्मी म्हणाली ही नीड रेस्ट."

"तुला कधी सांगितलं?"

"वेन्सडे. फोन आला ना तेव्हा." मग तिने तोंडावर हात ठेवला. "मम्मी सेड डोन्ट टेल आजी."

मी खुर्चीवर बसले. सगळ्यात आधी बरं वाटलं, हे कबूल करते. पोरगा हसत होता. घर राहिलं, पास राहिला, मुक्ताची शाळा राहिली. देवीला हात जोडले. आणि जोडलेले हात खाली घेईपर्यंत राग आला. तो इतका आला की बरं वाटल्याचाही राग आला. बुधवार संध्याकाळपासून सोमवार दुपारपर्यंत एक आनंदाची बातमी या घरात होती. ती नऊ वर्षांच्या पोरीला माहीत होती. तीन खोल्यांचं घर, त्यात ती बातमी माझ्या अंगावरून ये-जा करत होती, माझ्यासमोर सांबार खात होती, आणि मी भात सोडून बसले होते.

फिरायला राहिला याचा राग नाही. हे मी त्या दिवशीही सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. आमचे हे गावच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. महिन्यातून एकदा औषधं आणायला चिपळूणला जायचे. निघताना पिशवी झटकत म्हणायचे, "दोन तास औषधांचे, दोन तास माझे." त्यांच्या दोन तासांत ते काय करायचे मी कधी विचारलं नाही. कधी पुलावर बसायचे, कधी भजी खायचे, एकदा छत्र्यांच्या मोठ्या दुकानात उगाच छत्र्या उघडून बघून आले. पण चार तासांनी येणार हे मला माहीत असायचं आणि चार तास मी निवांत असायचे. माणसाने स्वतःसाठी वेळ काढावा. तो कामाच्या पोटात लपवू नये, एवढंच.

मी मुक्ताला म्हटलं, चप्पल घाल.

पावाच्या डब्यात ठेवलेली नोट घेतली आणि आम्ही खाली गेलो. ड्युरियनवाला चिनी म्हातारा मला ओळखत होता, नाकाला पदर लावणारी आंटी म्हणून. त्याने एका हातात जाड मोजा घातला होता. मी ढिगाकडे बोट दाखवलं तर तो हसला.

"आंटी, यू शुअर?"

मी मान हलवली. त्याने एक फळ उचलून कानाशी हलवलं, हुंगलं, बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. आम्ही फणस बोटांनी वाजवून बघतो, तो हलवून बघत होता. आखूड सुऱ्याने शेंड्याशी टोचून पीळ दिला आणि फळ उघडलं. आत पिवळे गरे, बोटभर फुगलेले. मुक्ताने एक घेतला. मी दुसरा. बरका फणस सायीत कालवावा तसं काहीतरी, आणि मागाहून कांद्यासारखी चव. मी पहिला गरा उभ्यानेच खाल्ला. दुसरा बसून. मग किती खाल्ले ते मुक्ताने मोजले, मी नाही. म्हातारा म्हणाला, "स्लोली, आंटी, स्लोली," आणि पाण्याची बाटली आणून ठेवली. आम्ही निघताना त्याने रिकाम्या सालीत पाणी ओतलं आणि खुणेने सांगितलं, यात हात धुवा, वास जातो. आम्ही फणसाला तेल लावतो. यांचा उपाय सालीतच असतो. हात धुताना मला रडू आलं. मुक्ता म्हणाली, "आजी, स्पायसी?"

काम झाल्याचं कानावर आलं होतं. नेम संपला होता. मी काही मोडलं नाही.

त्या संध्याकाळी मी अनघाबरोबर जेवायला बसले. दोन पोळ्या घेतल्या. तिला बरं वाटलं, "आज थांबलात ते छान केलंत." मुक्ता माझ्याकडे बघत होती, मी ताटाकडे. तोंडाशी आलेलं बोलणं पोळीबरोबर गिळलं. हा माझा नेहमीचा धंदा.

मंगळवारी श्रीकांत आला. वाकून नमस्कार केला, बूट काढायच्या आधीच. "आई, काम झालं. नोकरी पक्की." चेहऱ्यावर नुकत्याच मिळालेल्या बातमीचा भाव आणला होता. अनघा त्याच्या मागे उभी, तिनेही तसाच आणला होता. दोघंही मला बातमी देत होते आणि ती शिळी होती.

"बरं झालं," मी म्हटलं.

"आजी ऑलरेडी नोज," मुक्ता सोफ्यावरून म्हणाली. "मी फोटो दाखवला. देन शी एट ड्युरियन. सो मच ड्युरियन, पप्पा. लाइक सेव्हन."

श्रीकांत आधी हसला. "आई, तू ड्युरियन खाल्लास? तू?"

"भूक लागली होती," मी म्हटलं.

मला आणखी काही बोलायचं नव्हतं. पण अनघा हुशार आहे. तिने पर्स खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती मागचे दिवस चाचपत होती हे मला दिसलं. मघाशीच खाल्लं, मघाशीच खाल्लं. तिच्या आजीचे असे नेम असायचे, ते तिने लहानपणापासून पाहिले होते.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही रात्रीच्या जेवतच नव्हतात. कधीपासून?"

"रविवारी तो गेला तेव्हापासून."

"कधीपर्यंत?"

"काम झाल्याचं कळेपर्यंत."

बॅगेचं एक चाक अजून फिरत होतं, ते थांबलं.

"सांगायचं नाही का मग?" श्रीकांत म्हणाला. चिडूनच म्हणाला. "आम्हाला कसं कळणार?"

"सांगायचं कुणी कुणाला?" मी म्हटलं.

माझा आवाज मला परका वाटला. या घरात इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. अनघा रडायला लागली. तिचीच कल्पना होती, ती म्हणाली. तो वर्षभर झोपला नव्हता, तिनेच फोनवर सांगितलं होतं की काम झालंय, आता चार दिवस राहा, पाण्याजवळ बस, डोकं शांत कर. तिकिटाची तारीख त्यांनी आधीच लांबची घेतली होती, झालं काम तर राहायचं, नाही झालं तर लगेच परतायचं. "सगळेच करतात, आई. ऑफिसच्या कामाला जोडून घेतात. तुम्हाला वाटेल, घर टांगणीला आणि हा मजा करतोय, म्हणून नाही सांगितलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

मला वाईट वाटू नये म्हणून. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि प्रत्येक वेळी ते वाईट वाटण्यासारखं काहीतरी घेऊनच आलं आहे. जो बोलत नाही त्याला काय वाटेल हे बाकीच्यांना फार पटकन कळतं. आईला नको असतं, आईला झेपणार नाही, आईला कशाला त्रास. विचारायला एक मिनिट लागतं. न विचारता ठरवायला तेवढंही लागत नाही.

जेवताना श्रीकांत तलावाबद्दल सांगायला लागला. मला खूश करायलाच. जिनोवाहून रेल्वेने मिलान, तिथून दुसरी गाडी. तलावाकाठची गावं एवढीशी की बोट एका धक्क्यावरून सुटते न सुटते तोच पुढचा धक्का येतो. कण्हेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फुललेली. "आई, आपली कण्हेर. तीच. गुलाबी आणि पांढरी." रोज सकाळी तो एका बाकावर बसायचा, आणि पलीकडच्या बाकावर एक म्हातारी येऊन बसायची, मांडीवर पिशवी, नुसती पाण्याकडे बघत. "तुझीच आठवण आली बघ."

"आठवण आली तर फोन करायचा होता," मी म्हटलं.

तो उठून बॅगेशी गेला. मला त्या तलावाकाठच्या, कोमोच्या रेशमाचा, गळ्यात घालायचा रुमाल आणला होता, निळा. तो मी कपाटात ठेवला आहे, कागदासकट. घालणार नाही असं ठरवलं नव्हतं, घातला गेला नाही.

नंतर पुष्कळदा मनाशी भांडले आहे. तू तरी कुठे सांगितलंस, मन म्हणतं. दोघांनीही लपवलं, फिटंफाट. पण ती फिटंफाट नाही. मी लपवलं त्याने कुणाचा घास गेला नाही. मी उपाशी राहिले ते त्यांच्यासाठी, आणि मला कळवलं नाही तेही म्हणे माझ्यासाठीच. दोन्हीकडून मीच उपाशी. आणि तरी त्या फोटोतलं हसू आठवलं की वाटतं, चार दिवसांनी पोरगा परत मिळाला, त्या पाण्याचे उपकार आहेत. मग पुन्हा तो 'चाललंय' आठवतो. रागाचं असं आहे, तो खरा असला की जात नाही, नुसता जागा बदलतो.

वरचं सगळं शनिवारी लिहिलं. आज बुधवार.

रविवारी श्रीकांत निघाला. बॅग दाराशी, त्याने हात पुढे केला. मी चमचा वाटीतच ठेवला.

"काम किती दिवसांचं?"

"तीन. सोमवार ते बुधवार."

"आणि तुझे किती?"

त्याने सवयीने अनघाकडे बघितलं.

"तिच्याकडे नको. माझ्याकडे बघून सांग."

"चार," तो म्हणाला. "त्याच तलावावर. अनघा आणि मुक्ता शुक्रवारी येतायत. तूही चल म्हणून विचारणार होतो, पण मला वाटलं..." आणि तो थांबला. काय वाटलं ते त्याने गिळलं. "आई, येतेस का? पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी वेळेवर विचार, मग सांगेन," मी म्हटलं. "आता ऐक. बुधवारी तुझं काम होईपर्यंत मी एकवेळ जेवणार आहे. सगळ्यांसमोर सांगतेय. नोकरीची भीती नाही आता, हे कळतं मला. तरी एकवेळच जेवणार. पुढचं तुझ्या हातात."

"हे ब्लॅकमेल आहे, आजी," मुक्ता म्हणाली. तेरा वर्षांची झाली आहे, पुष्कळ कळतं तिला.

"असू दे," मी म्हटलं आणि श्रीकांतच्या हातावर दही घातलं.

आज पाचला खालून वास आला. मी खिडकी लावली नाही. सहाला फोन वाजला. अनघा आज लवकर आली होती, ती उठली आणि पुन्हा बसली. मी ओल्या हातानेच फोन उचलला. पलीकडे माणसांचा आवाज होता, पेल्यांचा आवाज होता, आणि मग त्याचा.

"झालं, आई. आत्ताच. खोलीतून बाहेर आलो आणि तुलाच लावला. जेव आता."

"बरं," मी म्हटलं. "तलावावरून नाही कळवलंस तरी चालेल."

आम्ही तिघी जेवायला बसलो. मी रोजच्यापेक्षा दोन पोळ्या जास्त घेतल्या. अनघाने वाढताना माझ्याकडे बघितलं. त्या दोन पोळ्या यंदाच्या नव्हत्या, चार वर्षांपूर्वीच्या राहिलेल्या होत्या.